अकराव्या प्रवेशाची आम सूचना

१

दौलतराव कापगत्यांचं नाटक चोरीला गेलं तेव्हा ते अंगणात उन्हाला बसून पेरू खात होते आणि नाटक त्यांच्या पलंगाखालच्या लोखंडी पेटीत सुखरूप होतं. पेटीला कुलूप होतं, कुलपाची किल्ली करदोड्याला बांधलेली होती. तरीही चोरी झाली होती, कारण पेपरात तसं छापून आलं होतं.

चोरीही अशी उफराटी की पोलिसांनी डोकं धरावं. एरवी चोरीत एकाची वस्तू दुसऱ्याकडे जाते. इथे एकाची वस्तू सगळ्या जगाकडे गेली होती. मंगळवारच्या हिंदी दैनिकात, सातव्या पानावर, कोणाची तरी हरवलेली मार्कशीट आणि कोणाचा तरी विकाऊ प्लॉट यांच्यामध्ये एक आम सूचना, म्हणजे जाहीर नोटीस, होती. मराठीत तिचा अर्थ असा:

‘सर्व जनतेस कळविण्यात येते की, "नवरदेव सेकंड शिफ्टले" या दोन अंकी, अकरा प्रवेशांच्या मराठी नाटकाचे लेखक दौलतराव कापगते, सेक्टर ५, भिलाई, हे या नाटकावरील आपले सर्व कॉपीराइट हक्क आजपासून कायमचे सोडत आहेत. कोणीही ते करावे, छापावे, बदलावे, दुसऱ्या भाषेत न्यावे. आमची सर्व माणसे व अवजारे बाजूला घेतली आहेत. यापुढे आमची हरकत नाही. द्वारा नीतू वंजारी, अधिवक्ता, दुर्ग.’

हे नाटक भिलाईतल्या मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. लग्नाच्या दिवशी नवरदेवाला शिफ्ट बदलून मिळत नाही, एवढीच गोष्ट, पण तीस वर्षं लोक तिला हसत आले. तीस वर्षं नवरदेव दौलतरावच. पहिल्याच प्रयोगात ते बेचाळीसचे होते. आता बहात्तरचे झाले, मिशीला रंगाच्या दोन पुड्या लागू लागल्या, तरी परवानगीची अट तीच राहिली: नाटक करा, नवरदेव मी. हल्लीची नवरी विंगेत त्यांना आजोबा म्हणायची आणि स्टेजवर त्यांच्याकडे बघून लाजायची.

बुधवारी महाराष्ट्र मंडळाच्या बैठकीत दौलतरावांनी असा काही आकांत केला की चहावाला दारातूनच परत गेला. कोणीतरी त्यांच्या नावानं त्यांचं नाटक वाटून टाकलं होतं. कोणी, हे ठाऊक नव्हतं. वकील कोण, हे मात्र छापलेलंच होतं. मग एकानं सुचवलं की वकिलीणबाईंची बार कौन्सिलकडे तक्रार करावी आणि सनद रद्द करायला लावावी. चाळीस हात वर झाले. रविवारी अर्जावर सह्या करायच्या ठरल्या.

नीतूला सनद मिळून चार महिने झाले होते. काळा कोट अजून प्लास्टिकच्या पिशवीतून कोर्टात न्यायची, धूळ लागू नये म्हणून.

त्याआधी खरा गुन्हेगार सापडला तर बरं, असं सेक्रेटरी प्रवीणला वाटलं, आणि सगळ्यांच्या माना तेजराम वाढईंकडे वळल्या. तेजराम भिलाई-३ चे, दुर्ग-गोंदिया लाइनवर चौतीस वर्षं टीटी. मंडळात कोणाची चप्पल हरवली, झालंच तर नारळाची खोवणी हरवली, की प्रकरण त्यांच्याकडे जाई. ते नीतूचे सख्खे मामा होते, तरी कोणी हरकत घेतली नाही. त्यांनी एकदा स्वतःच्या मेव्हण्याला भर वऱ्हाडात दंडाची पावती फाडून दिली होती.

तेजरामनी काम घेतलं. बाहेर येऊन स्कूटरला किक मारण्याआधी मात्र त्यांनी नीतूला भेटायला बोलावलं, कारण सूचनेखालचं नाव खोटं नाही, ती आपणच लिहिली आहे, हे तिनं त्यांना सकाळीच फोनवर सांगितलं होतं.

२

सिविक सेंटरला चहाच्या टपरीशी मामा-भाची भेटले. तेजरामनी सरळ विचारलं, की सूचना द्यायला आलं कोण होतं.

"मामाजी, मैं नहीं बता सकती," नीतू म्हणाली. "क्लायंटचं नाव वकिलानं सांगायचं नसते."

"तुही सनद चालली, पोरी."

"तरी नाई सांगता येत."

तेजरामना राग आला आणि त्याच वेळी अभिमानही वाटला, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे त्यांनी चहात साखर जास्त पडल्याची तक्रार केली. मग त्यांनी कायदा तरी समजावून दे म्हटलं. नीतूनं समजावला. लिहिणारा जिवंत आहे तोवर आणि तो गेल्यावर साठ वर्षं हक्क राहतो, आधी त्याचा, मग त्याच्या वारसांचा. पण लेखकाला वाटलं तर तो हक्क सोडूनही देऊ शकतो. कायद्यात एकविसावं कलम त्यासाठीच आहे. रजिस्ट्रारकडे नोटीस द्या किंवा जाहीर सूचना द्या, त्या तारखेपासून हक्क संपला. इंटरनेटवर तर जगभरातले लोक एक तयार मजकूर वापरतात, त्याला सीसी झिरो म्हणतात, म्हणजे माझ्याकडे काही राखून ठेवलं नाही. क्लायंटला तिनं तोही दाखवला होता. क्लायंट म्हणाला, इंटरनेटवर कोण वाचतं, पेपरात पाहिजे.

"आन् लेखकाचं नाव?"

"नाव राहते. ते काढता येत नाई कोनाले."

"दिलेलं वापस घेता येते?"

"देणारा खरा असन तं नाई. आन् खोटा असन तं काही दिलंच नाई. जिसका हक, वही छोड़ सकता है. दौलतकाकांनी एक ओळ लिहून दिली, का हे मी केलं नाई, तं सूचना रद्दीत."

तेजरामनी मान हलवली, पण त्यांचं चित्त वर्तमानपत्राच्या कात्रणावर होतं. गाडीचे डबे मोजण्यात आयुष्य गेलेला माणूस नाटकातही प्रवेश मोजतो. त्यांनी हे नाटक नऊ वेळा पाहिलं होतं आणि नऊही वेळा प्रवेश दहाच भरले होते.

सूचनेत अकरा होते.

३

अकराव्याबद्दल सांगू शकेल असा एकच माणूस होता आणि तो तेजरामच्याच गल्लीत राहत होता. भाऊराव लांजेवार, रिटायर्ड गार्ड; पहिल्या संचातले दौलतरावांखेरीज भिलाईत तेवढेच उरले होते. पहिल्या प्रयोगात नवरीचा बाप तेच होणार होते. झालेही. मात्र त्या रात्रीपासून दौलतरावांशी त्यांनी जे बोलणं टाकलं ते टाकलंच.

भाऊरावांनी दार उघडलं तेव्हा मागे टेबलावर त्याच पेपरच्या पाच प्रती दिसल्या. चेहरा असा उजळलेला, की घरात नातू झाला असावा.

"या टीटीसाहेब. माह्यावर शक हाये ना? असाच पाह्यजे."

त्यांनी अकराव्या प्रवेशाची हकीकत सांगितली आणि सांगता सांगता उठून उभेच राहिले. नवरीचा बाप प्लांटच्या गेटवर येतो आणि गेटवरच्या साहेबापुढे जावयासाठी दोन तासांची सुट्टी मागतो. नऊ मिनिटं तो एकटाच बोलतो. तालमीत बायका डोळे पुसत. प्रयोगाच्या आदल्या दिवशी दौलतरावांनी तो प्रवेश कापला. नाटक लांबतं म्हणाले. खरं कारण सगळ्यांना कळलं होतं: लोक नवरदेवाला विसरून बापाला घेऊन घरी गेले असते.

त्यानंतर चार वेळा भाऊरावांनी माणूस पाठवून विचारलं, की हे नाटक छत्तीसगढीत करू का. चारही वेळा नाही. म्हणजे कारणही होतं, अकराव्याची माहितीही होती. तेजरामना मनातून हायसं वाटायला लागलं. त्यांनी सूचना मोठ्यानं वाचायला दिली. भाऊराव झोकात वाचत गेले आणि शेवटाकडे अडखळले.

"माणसे व अवजारे? हे काय हाये? नाटकात अवजारं कोनाची?"

ते इतक्या खरेपणानं गोंधळले की तेजरामचं हायसं वाटणं तिथंच थांबलं. खोटं तिकीट दाखवणारा माणूस तिकिटाकडे बघत नाही, तुमच्याकडे बघतो. भाऊराव कागदाकडे बघत होते.

"एक सांगतो," भाऊराव कागद परत देत म्हणाले. "तो प्रवेश माह्यापाशी नाई. माह्या हातातले कागद त्यानं त्याच दिवशी वापस घेतले. सगळ्या भिलाईत त्याची एकच प्रत हाये, आन् ते त्याच्या पेटीत हाये."

म्हणजे भाऊराव नसतील, तर पेटी कोणीतरी उघडली होती.

४

प्रवीण प्लांटच्या इलेक्ट्रिकल खात्यात होता. दौलतरावांच्या हाताखाली हेल्पर म्हणून लागला आणि आज त्यांच्याच जागेवर बसत होता. मंडळाचं नाटक त्याला मंडळातल्याच शुभमला नवरदेव करून बसवायचं होतं, कारण शुभम पंचवीसचा होता आणि त्याला स्वतःचे केस होते. उस्ताद, म्हणजे दौलतराव, ऐकत नव्हते. अशी सूचना द्यायला प्रवीणकडे हवं तेवढं कारण होतं.

तेजरामनी त्याला फक्त शेवटचं वाक्य वाचून दाखवलं. प्रवीण हसायला लागला.

"मामा, ये तो अपना शटडाऊन वापस करने का फॉर्म है."

मग त्यानं समजावलं. लाइनवर काम करायचं तर आधी वीज बंद करवतात. ज्याच्या नावावर शटडाऊन घेतलं त्याची सही. काम संपलं की त्यानंच लिहून द्यायचं, की माणसे व अवजारे बाजूला घेतली आहेत, आता चालू करण्यास हरकत नाही. त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणी सही करायची नाही, साहेबानंही नाही. कारण ती सही खोटी निघाली तर वर चढलेला माणूस जळून मरतो.

"उस्तादनं एकदा दोन घंटे सही रोकून धरली होती. एक पकड मोजणीत कमी. साहेब चिल्लावून राहिले, पूरा सेक्शन खाली बसला. आखिर मिली, त्यांच्याच डब्यात, भाजीखाली. तोंडानं उस्ताद काहीबी बोलतीन, मामा. कल बोले, शुभमला ॲक्टिंग मीच शिकवली. पर साइन का मामला अलग है."

तेजरामनी सावकाश विचारलं, "नाटकात प्रवेश किती?"

"दस."

"अकरावा?"

"ग्यारहवाँ कौन सा?"

पहिल्या प्रयोगाच्या वेळी प्रवीण दोन वर्षांचा होता. त्याचा भाबडा चेहरा बघून तेजराम स्कूटरकडे वळले. ज्याला अकरावा ठाऊक होता त्याला अवजारं कळत नव्हती, आणि ज्याला अवजारं कळत होती त्यानं अकरावा ऐकलाही नव्हता. दोघं मिळून गेले म्हणावं तर दोघांची तोंडओळखही नव्हती. आणि शनिवार उजाडला होता.

५

शनिवारी दुपारी दौलतराव दाढी करायला गेलेले बघून तेजराम त्यांच्या घरी गेले. पंचफुलाबाई मेथी निवडत होत्या. नवऱ्याच्या नाटकाबद्दल त्यांचं मत सोपं होतं: तीस वर्षं दर हिवाळ्यात आपल्या नवऱ्याचं दुसरीशी लग्न लागताना बघणारी बाई त्यांच्याशिवाय भिलाईत नव्हती.

किल्लीचं विचारलं. ती करदोड्याला असते आणि आंघोळीलाही निघत नाही, असं त्या म्हणाल्या.

"लय मनाले लावून घेतलं असन भाऊनं," तेजराम म्हणाले.

"काय जाणो भाऊजी. दिवसा ओरडतेत. पण मंगळवारपासून असे झोपून राहिले का सकाळी मलेच उठवा लागते. भाकर बी एक जास्त. सालभर झोप नव्हती त्याहिले."

"सालभर? कावून?"

पंचफुलाबाईंनी मेथीची काडी बाजूला टाकली. गेल्या वर्षी दौलतराव छातीच्या दुखण्यानं दवाखान्यात होते. हथखोजच्या कारखान्यातल्या पोरांनी नाटक बसवलं होतं. यांना विचारता येईना म्हणून त्यांनी मुलाला, गौरवला, बंगळुरूला फोन लावला. गौरव म्हणाला, पापा का वो ड्रामा? पहले एग्रीमेंट भेजिए, मैं किसी से पढ़वा लूँगा. एग्रीमेंट आलं नाही, वाचलं कोणी नाही, तारीख निघून गेली. पोरांनी बाशिंगं बांधली होती, ती सोडून ठेवली. दौलतरावांना हे दवाखान्यातून आल्यावर कळलं.

"गौरवले मराठी वाचता नाई येत, भाऊजी. आमीच नाई शिकवलं. हिंदीत शिकला, तिकडं इंग्रजीत गेला."

तेजरामनी खिशातलं कात्रण काढून पुन्हा वाचलं. मग त्यांनी घरात कोरा कागद आहे का विचारलं. दोन मागितले.

६

रविवारी सकाळी, सभेच्या दोन तास आधी, तेजराम दौलतरावांच्या अंगणात जाऊन बसले. दोन्ही कागद त्यांनी खाटेवर ठेवले आणि वर पेन ठेवलं.

पहिल्यावर एकच ओळ होती: ही सूचना मी दिलेली नाही. दुसरा कागद नीतूविरुद्धची तक्रार होती.

"कोन्त्याबी एकावर सही करा, दौलतभाऊ. मंग मी सभेत काही बोलत नाई."

दौलतराव बोलायला लागले. जग किती बिघडलं इथून सुरुवात झाली, भाऊराव किती नीच इथपर्यंत आले, मग वकिलांची जात, मग पेपरवाले. पंधरा मिनिटं झाली. पेनाला त्यांनी हात लावला नव्हता.

"एकच ओळ हाये," तेजराम म्हणाले.

"मी खोट्यावर सही करत नाई," दौलतराव फाडकन म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं.

तेजरामनी आवाज चढवला नाही. त्यांनी सगळं क्रमानं मांडलं. अकरावा प्रवेश भाऊरावांना ठाऊक होता, पण शटडाऊनची भाषा नाही. प्रवीणला भाषा ठाऊक होती, पण अकरावा नाही. दोन्ही ठाऊक असलेला भिलाईत एकच माणूस, आणि पेटीची किल्ली त्याच्याच कमरेला. शिवाय एक ओळ लिहून दिली असती तर सूचना त्याच दिवशी मेली असती. पाच दिवस तुम्ही सगळ्या सेक्टरला ओरडून सांगितलं, लिहून मात्र कोणालाच दिलं नाही. आणि चोरी झालेला माणूस रोज आठ तास झोपत होता.

दौलतरावांनी पेरूच्या झाडाकडे बघत नाक ओढलं.

"मी मेल्यावर साठ साल गौरव परवानगी देईन," ते म्हणाले. "कशाची देऊन राहिला हे त्याले समजणार नाई. चांगला पोरगा हाये. पण त्याच्या हातात माहं नाटक मरते."

"मंग उघड द्यायचं."

"उघड दिलं असतं तं लोक म्हनले असते, म्हातारा थकला. भाऊराव म्हनला असता, वाकला. चोरीले गेलं म्हनलं का सगळे हळहळतात. फुकट दिलेल्याले कोन इचारते?"

"आन् अकरावा?"

"तो त्याचाच होता. मी कापाले नाई पाह्यजे होता." हे वाक्य त्यांनी इतक्या हळू म्हटलं की तेजरामनी पुन्हा विचारलं नाही.

मग तेजरामनी दुसरा कागद त्यांच्यापुढे सरकवला. नीतू वंजारी, सनद चार महिन्यांची.

"वकिलाले काय होते, म्हनलं," दौलतराव पुटपुटले. "पोरगी सांगन ना सरळ, का क्लायंट हाच."

"ते नाई सांगत. चाळीस जण सह्या करतीन, सनद जाईन, तरी सांगणार नाई. तुमचं गुपित तिच्यापाशी तुमच्यापेक्षा चांगलं हाये."

दौलतरावांनी तक्रार दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना त्यांचा चेहरा पडला. खरंच लाज वाटलेला म्हातारा माणूस बघणं सोपं नसतं, तेजराम दुसरीकडे बघत राहिले. मग दौलतराव उठले, आत जाऊन इस्त्रीचा सदरा घालून आले आणि म्हणाले, चल.

मंडळाच्या हॉलमध्ये त्या दिवशी साठ माणसं होती, कारण तमाशा चुकवायचा नव्हता. दारात भाऊरावही उभे होते. तीस वर्षांत त्यांनी त्या हॉलचा उंबरा ओलांडला नव्हता, आणि आजही ते उंबऱ्याच्या बाहेरच होते.

दौलतराव माइकपाशी गेले. सूचना मीच दिली, शुद्धीवर दिली, ते म्हणाले. पोरीनं मला दोनदा समजावलं होतं, की काका, हे वापस येत नाही. मग साठ माणसांसमोर त्यांनी मागच्या रांगेतल्या नीतूला हात जोडले. नीतू गडबडून उभी राहिली आणि तिनंही हात जोडले. कोणाला हसावं का टाळ्या वाजवाव्या ते कळेना. प्रवीणनं तक्रारीचा अर्ज घडी करून खिशात घातला.

तेवढ्यात भाऊराव आत आले. सगळ्या रांगा ओलांडून ते माइकपाशी गेले.

"दौलत, मले तुहं नाटक करायचं हाये. छत्तीसगढीत. करू काय?"

प्रवीण त्यांच्या कानाशी लागला आणि म्हणाला, की काकाजी, अब परमिशन की जरूरत ही नहीं.

"तुले काही समजत नाई. तू बस," भाऊराव म्हणाले आणि दौलतरावांकडे बघत उभे राहिले.

दौलतरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"कर," ते म्हणाले. "फक्त समोर मले एक जागा ठेवजो."

तीस वर्षांत दौलतरावांनी आपलं नाटक खुर्चीत बसून एकदाही पाहिलं नव्हतं.